सात दिवसांची मैफल आणि जगाचा शेवट : अलेक्झांडर स्क्रियाबिन यांचे अपुरे स्वप्न

हिमालयाच्या पायथ्याशी एक मंदिर उभारले जाणार होते. त्याचा घुमट अर्धगोल असणार होता आणि समोरच्या पाण्यातील प्रतिबिंबामुळे तो पूर्ण गोल दिसणार होता. तेथे सलग सात दिवस संगीत, नृत्य, काव्य, रंगीत प्रकाश आणि सुगंध यांचा एकच सोहळा चालणार होता. ढगांतून टांगलेल्या घंटांच्या नादाने लोकांना बोलावले जाणार होते. श्रोता असा कोणीच नसणार होता, कारण उपस्थित प्रत्येक जण कलावंत आणि उपासक ठरणार होता. सातव्या दिवसाच्या अखेरीस हे जग आनंदाच्या परमोच्च क्षणी विलीन होईल आणि मानवजातीच्या जागी अधिक उन्नत जीव अवतरतील, अशी या रचनेच्या कर्त्याची खरीखुरी श्रद्धा होती.

रचनेचे नाव होते ‘मिस्टेरियम’ आणि कर्ते होते रशियन संगीतकार अलेक्झांडर निकोलायेविच स्क्रियाबिन. ज्या भारतात हा सोहळा व्हायचा होता, तो देश त्यांनी कधीही पाहिला नाही. एप्रिल १९१५ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, ओठावरच्या एका पुळीने त्यांचा बळी घेतला. तोवर या महारचनेच्या केवळ प्रस्तावनेची काही टिपणे कागदावर उतरली होती. मात्र या अशक्य स्वप्नाचा पाठलाग करताना त्यांनी जे लिहून ठेवले, त्याने विसाव्या शतकातील संगीताची एक नवी वाट मोकळी केली.

आईविना वाढलेला मुलगा

स्क्रियाबिन यांचा जन्म आजच्या दिनदर्शिकेनुसार ६ जानेवारी १८७२ रोजी मॉस्को येथे झाला. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका प्रचलित होती आणि तिच्याप्रमाणे तो नाताळचा दिवस होता. पुढील आयुष्यात स्वतःला अवतारकार्य सोपवले आहे, असे मानणाऱ्या या कलावंताने या योगायोगाला मोठा अर्थ दिला. त्यांची आई ल्युबोव श्चेतिनिना ही थिओडोर लेशेटिझ्की या विख्यात गुरूंच्या तालमीत तयार झालेली पियानोवादक होती. मुलगा जेमतेम वर्षाचा असताना ती क्षयाने गेली. वडिलांनी तुर्की भाषेचे शिक्षण घेऊन परराष्ट्र सेवेत प्रवेश केला आणि ते तुर्कस्तानला निघून गेले. मागे राहिलेल्या मुलाला आत्या, आजी आणि आजीची बहीण यांनी वाढवले.

तीन स्त्रियांच्या अपार मायेत वाढलेले हे मूल नाजूक प्रकृतीचे होते आणि त्याला पियानोचे वेड होते. वाद्याची यंत्ररचना त्याला इतकी भुरळ घालत असे की ते स्वतःच्या हाताने छोटे खेळण्यातले पियानो तयार करी. घराण्याच्या लष्करी परंपरेप्रमाणे त्याला मॉस्कोच्या छात्रशाळेत घालण्यात आले, पण खरे शिक्षण सुरू झाले ते निकोलाय झ्वेरेव या शिस्तप्रिय पियानो शिक्षकाकडे. तेथे त्यांचे सहाध्यायी होते सर्गेई रखमानिनोव. पुढे मॉस्को कन्झर्व्हेटरीतही हे दोघे बरोबर शिकले. रखमानिनोव यांचे पंजे विलक्षण मोठे, तर स्क्रियाबिन यांचा पंजा पियानोवर जेमतेम नऊ पट्ट्यांचे अंतर गाठणारा होता.

ही उणीव भरून काढण्याच्या ईर्षेने त्यांनी फ्रान्झ लिस्ट आणि मिली बालाकिरेव यांच्या अत्यंत कठीण रचनांचा बेसुमार सराव केला. त्यात उजवा हात दुखावला. तो पूर्ववत होणार नाही, असे वैद्यांचे मत पडले. विशीतल्या वादकासाठी हा आयुष्य संपल्याचाच निर्णय होता. या आघातातून त्यांचा पहिला पियानो सोनाटा जन्माला आला. त्याचा शेवट शोकयात्रेच्या संथ चालीने होतो. पुढे १८९४ मध्ये त्यांनी केवळ डाव्या हाताने वाजवायच्या दोन रचना लिहिल्या. हात कालांतराने बरा झाला, पण अडचणीला नशीब न मानता तिच्यातून नवे काही घडवण्याची सवय कायम राहिली. त्यांच्या पियानो लेखनात डाव्या हाताला आलेले असाधारण महत्त्वही याच काळातले आहे.

कन्झर्व्हेटरीतून १८९२ मध्ये त्यांनी पियानोवादनाचे सुवर्णपदक मिळवले. संगीतरचनेची पदवी मात्र अपुरी राहिली, कारण शिक्षक अंतोन आरेन्स्की यांच्याशी त्यांचे पटले नाही. पुढे संगीतरचनेसाठीच जगभर नाव झालेल्या या माणसाकडे त्या विषयाची पदवी नव्हती.

शोपांच्या छायेतून बाहेर

सुरुवातीचे स्क्रियाबिन हे पोलिश संगीतकार फ्रेडरिक शोपां यांचे मानसशिष्य होते. तरुणपणी ते शोपांच्या स्वरलिपी उशाखाली घेऊन झोपत, अशी आठवण सांगितली जाते. या काळातील त्यांची प्रेल्यूड आणि माझुर्का ही छोटी, आर्जवी, सुरेल रचना आहेत. मित्रोफान बेल्यायेव या धनाढ्य प्रकाशकाने त्यांना आश्रय दिला, दौरे घडवून आणले आणि रचना छापल्या. १८९७ मध्ये पियानोवादक व्हेरा इसाकोविच यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८९८ पासून ते कन्झर्व्हेटरीत शिकवू लागले.

मात्र नोकरीत त्यांचे मन रमले नाही. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे यांचे वाचन, मॉस्कोतील तत्त्वचिंतकांचा सहवास आणि प्रतीकवादी कवींची संगत यांतून कला ही करमणूक नसून मानवाला बदलून टाकणारी शक्ती आहे, हा विचार त्यांच्यात घट्ट रुजला. १९०३ च्या सुमारास ‘मिस्टेरियम’ची पहिली कल्पना त्यांच्या मनात आली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ते ओबोलेन्स्कोये या गावी राहत होते. शेजारच्या बंगल्यात चित्रकार लिओनिद पास्तरनाक यांचे कुटुंब होते. झाडीतून ऐकू येणाऱ्या पियानोच्या सुरांनी त्या घरातील १३ वर्षांचा मुलगा भारावून गेला आणि पुढील सहा वर्षे संगीतकार होण्याच्या ध्यासाने शिकत राहिला. तो मुलगा म्हणजे पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले लेखक बोरिस पास्तरनाक. त्यांनी संगीत सोडले, पण कायद्याऐवजी तत्त्वज्ञान शिकण्याचा स्क्रियाबिन यांचा सल्ला मानला.

१९०४ मध्ये स्क्रियाबिन स्वित्झर्लंडला गेले. पत्नी आणि चार मुलांना सोडून ते तात्याना श्लोझर या तरुण चाहतीबरोबर राहू लागले. १९०५ मध्ये थोरली मुलगी रिम्मा वयाच्या सातव्या वर्षी दगावली. व्हेरा यांनी घटस्फोट कधीच दिला नाही. तरीही त्या पतीच्या रचना मैफलींतून वाजवत राहिल्या. संगीतातून विश्वाच्या एकत्वाचा ध्यास घेणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या संसाराचे असे दोन तुकडे झाले. १९०६-०७ च्या अमेरिका दौऱ्यात तात्याना तेथे पोहोचल्या आणि विवाहाविना एकत्र राहण्यावरून बोभाटा होण्याची चिन्हे दिसताच दोघांना घाईने देश सोडावा लागला.

मुंबईमार्गे मद्रासला गेलेला विचार

पॅरिसमध्ये १९०५ मध्ये त्यांच्या हाती हेलेना ब्लाव्हाट्स्की यांचे थिऑसॉफीवरील पुस्तक फ्रेंच अनुवादात आले आणि भारत त्यांच्या विचारविश्वाच्या केंद्रस्थानी आला. जन्माने रशियन असलेल्या ब्लाव्हाट्स्की १८७९ मध्ये मुंबईत दाखल झाल्या होत्या. ‘द थिऑसॉफिस्ट’ हे त्यांचे मासिक त्याच वर्षी मुंबईतून सुरू झाले आणि १८८२ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय मद्रासजवळील अड्यार येथे हलवण्यात आले. युगचक्रे, मानवजातीची टप्प्याटप्प्याने होणारी उत्क्रांती आणि अखेर सर्वांचे मूळ चैतन्यात विलीन होणे, ही त्यांच्या लेखनातील मांडणी स्क्रियाबिन यांना आपल्याच स्वप्नाचा आराखडा वाटली. सृष्टी आणि प्रलय यांचे चक्र संगीतातून प्रत्यक्ष घडवता येईल, असे त्यांनी मनाशी ठरवले.

हा भारत पुस्तकांतला होता. त्यांचे स्नेही कवी कॉन्स्तांतिन बालमाँत यांनी अश्वघोषाचे ‘बुद्धचरित’ आणि कालिदासाची नाटके रशियनमध्ये आणली होती. मॉस्कोच्या कामेर्नी नाट्यगृहाचा पडदा डिसेंबर १९१४ मध्ये पहिल्यांदा उघडला तोही ‘शाकुंतल’नेच. जिवंत भारतीय संगीताशी स्क्रियाबिन यांची गाठ पडली ती पहिल्या महायुद्धाच्या आधी, सूफी इनायत खान रशियात आले तेव्हा. इनायत खान हे बडोद्याचे वीणावादक. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने तेथे गायनशाळा उभारणारे मौलाबक्ष हे त्यांचे आजोबा. दोघांच्या भेटीत संगीत आणि अध्यात्म यांवर चर्चा झाली. मात्र राग किंवा तालाचा रीतसर अभ्यास स्क्रियाबिन यांनी केला नाही आणि त्यांच्या रचनांत भारतीय सुरावटीची उसनवारी आढळत नाही. भारताकडून त्यांनी सूर घेतले नाहीत, संगीत हे साधनेचे माध्यम असू शकते हा विश्वास घेतला.

सहा स्वरांचा गूढ संघात

या विश्वासाला त्यांनी स्वरांत कसे उतरवले, हे पाहणे महत्त्वाचे आहे. पाश्चात्त्य संगीतात एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गटाला, म्हणजे कॉर्डला, दिशा असते. एक स्वरसंघात ताण निर्माण करतो, दुसरा तो सोडवतो आणि रचना शेवटी आपल्या आधारस्वराकडे परतते. स्क्रियाबिन यांनी ही ओढच काढून घेतली. ‘प्रॉमेथियस’ या १९१० मध्ये पूर्ण झालेल्या रचनेच्या मुळाशी त्यांनी सहा स्वरांचा एक संघात ठेवला. भारतीय स्वरनामांत सांगायचे तर षड्ज, तीव्र मध्यम, कोमल निषाद, शुद्ध गंधार, शुद्ध धैवत आणि शुद्ध ऋषभ हे स्वर या क्रमाने खालून वर रचलेले असतात. त्यात पंचम नाही. हा संघात ताणलेला असतो, पण कोठेही सुटण्याची मागणी करत नाही, तरंगत राहतो. रचनेतील धून आणि तिची साथ ही दोन्ही याच एका साठ्यातून निर्माण होतात. पुढे अभ्यासकांनी त्याला गूढ संघात हे नाव दिले.

‘प्रॉमेथियस’साठी मोठा वाद्यवृंद, पियानो, ऑर्गन आणि शब्दाविना गाणारा गायकवृंद लागतो. त्याशिवाय स्वरलिपीच्या सर्वांत वरच्या ओळीत एका अपूर्व वाद्याची सुरावट लिहिलेली आहे. हे वाद्य आवाज करत नाही, प्रकाश देते. त्याची पट्टी दाबली की सभागृह त्या स्वराच्या रंगाने उजळून निघावे, अशी योजना होती. त्यांच्या मते सी हा स्वर लाल, जी नारिंगी, डी पिवळा, तर ए हिरवा होता. १९०७ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत ज्येष्ठ संगीतकार निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव यांच्याशी त्यांचा या विषयावर संवाद झाला. स्वरांना रंग असतात यावर दोघांचे एकमत होते, कोणत्या स्वराला कोणता रंग यावर मात्र बहुतेक ठिकाणी मतभेद होते. उपस्थित रखमानिनोव यांना हे सारे अविश्वसनीय वाटले. तेव्हा त्यांच्याच एका ऑपेरात सोन्याने भरलेल्या पेट्या उघडण्याचा प्रसंग डी मेजरमध्ये, म्हणजे या दोघांनीही पिवळ्या मानलेल्या सुरात बांधला असल्याचे त्यांच्या लक्षात आणून देण्यात आले. स्क्रियाबिन यांना रंग खरोखर दिसत होते की ती बुद्धीने रचलेली व्यवस्था होती, याविषयी संशोधकांत आजही दुमत आहे.

मॉस्कोत मार्च १९११ मध्ये ‘प्रॉमेथियस’चा पहिला प्रयोग सर्गेई कुसेवित्झ्की यांच्या संचालनाखाली झाला. पियानोवर स्वतः स्क्रियाबिन होते, पण प्रकाशयंत्राविनाच तो पार पाडावा लागला. रंगीत प्रकाशासह ही रचना सादर झाली ती मार्च १९१५ मध्ये, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये. ती पाहायला कर्ता तेथे नव्हता आणि त्याच्या आयुष्याचे काही आठवडेच उरले होते.

उन्माद आणि बारकावा

बाहेरून पाहता हे सारे वेडाचे लक्षण वाटावे आणि अनेक समकालीनांना ते तसे वाटलेही. संगीतलेखक लिओनिद साबानेयेव यांनी सहवासातून टिपलेल्या आठवणींत एक विचित्र मनुष्य दिसतो. विश्वाच्या अंताच्या गप्पा मारणारे स्क्रियाबिन जंतूंना विलक्षण घाबरत आणि पैसे हाताळतानाही हातमोजे घालत. सहावा पियानो सोनाटा लिहून झाल्यावर त्यातील काळोखाची त्यांना इतकी भीती वाटली की तो त्यांनी जाहीरपणे कधीच वाजवला नाही. सातव्या सोनाटाला त्यांनी शुभ्र उपासनेचे नाव दिले आणि तो जणू सहाव्याची बाधा उतरवण्यासाठीच होता.

तथापि स्वरलिपीच्या कागदावर हा माणूस अत्यंत काटेकोर होता. शेवटचे पाच सोनाटा १९११ ते १९१३ या अल्प काळात झाले आणि त्यांतील प्रत्येक एकाच सलग भागात बांधलेला आहे. विस्कळीतपणाचा त्यात मागमूसही नाही. दहाव्या सोनाटातील अखंड कंपने कीटकांच्या गुंजारवासारखी भासतात. १९१४ मधील ‘ज्योतीकडे’ ही काही मिनिटांची पियानो रचना दोन स्वरांच्या क्षीण हालचालीने सुरू होते आणि डोळे दिपवणाऱ्या झगमगाटात संपते. जे काम सात दिवसांच्या सोहळ्याकडून अपेक्षित होते, ते या छोट्या रचना एका वादकाच्या दोन हातांकडून करून घेतात. पट्टीच्या बंधनातून संगीताला बाहेर काढण्याचे काम व्हिएन्नात अर्नोल्ड शोनबर्ग आपल्या परीने करत होते, त्याच वर्षांत मॉस्कोत स्क्रियाबिन वेगळ्या वाटेने तेथेच पोहोचले होते.

युद्ध, पुळी आणि मृत्यू

मार्च १९१४ मध्ये लंडनमध्ये हेन्री वूड यांच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी ‘प्रॉमेथियस’ वाजवले. भारतात जाण्याची तयारी तेव्हा मनात पक्की होती. त्यांनी उन्हासाठी टोपी घेतली, संस्कृतच्या व्याकरणाचे पुस्तक मिळवले आणि दार्जिलिंग परिसरात जागा घेण्याचा विचारही बोलून दाखवला. याच मुक्कामात ओठावर उठलेल्या गळवाने त्यांना बेजार केले, पण ते बरे झाले.

ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि प्रवासाचे मार्ग बंद झाले. जगाच्या अंताचे संगीत लिहू पाहणाऱ्या माणसासमोर आता खराखुरा संहार उभा होता. स्क्रियाबिन यांनी युद्धाकडे भय म्हणून पाहिले नाही. मानवजातीला खडबडून जागे करणारी शुद्धी म्हणून त्यांनी त्याचे स्वागत केले. खंदकांत मरणाऱ्यांचा हिशेब त्या उदात्त मांडणीत कोठेच नव्हता. त्यांच्या विचारांतील ही सर्वांत मोठी उणीव होती.

‘मिस्टेरियम’ आपल्या आवाक्याबाहेर आहे, हे बहुधा त्यांनाही जाणवू लागले होते. त्यांनी आधी एक ‘प्रास्ताविक विधी’ लिहायला घेतला. त्याचे काव्य नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्ण करून त्यांनी बालमाँत आणि युर्गिस बालत्रुशायतिस या कवींना वाचून दाखवले. संगीत मात्र टिपणांतच राहिले. त्या टिपणांत सप्तकातील बाराही स्वर एकाच वेळी वाजवणारे संघात आढळतात. पुढील अनेक दशकांनंतर युरोपीय संगीत ज्याकडे वळले, त्याची ही चाहूल होती.

एप्रिल १९१५ मध्ये पेट्रोग्राड येथील मैफल आटोपून ते मॉस्कोला परतले. ओठावर पुन्हा पुळी उठली. ताप ४१ अंशांपर्यंत चढला, शस्त्रक्रिया करूनही विष रक्तात भिनले. प्रतिजैविके अस्तित्वात येण्यापूर्वीचा तो काळ होता. २७ एप्रिल १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यभर जंतूंना टाळणाऱ्या माणसाला जंतुसंसर्गानेच गाठले.

मागे राहिले ते

मृत्यूनंतर कुटुंबाची विवंचना समोर आली. तात्याना यांच्या तीन मुलांना कायद्याने वडिलांचे आडनाव नव्हते. व्हेरा यांनी संमती दिली आणि मुलांना स्क्रियाबिन हे नाव मिळाले. कधीकाळचे सहाध्यायी रखमानिनोव यांनी केवळ स्क्रियाबिन यांच्या रचनांच्या मैफली रशियाभर करून कुटुंबासाठी निधी उभारला. तोवर ते जाहीर कार्यक्रमांत प्रामुख्याने स्वतःच्याच रचना वाजवत असत. पुढेही दुर्दैवाने पाठ सोडली नाही. वडिलांसारखेच लिहू लागलेला मुलगा जुलियान १९१९ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी कीव्हजवळ द्नीपर नदीत बुडाला. मुलगी आरियाद्ना दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधील नाझीविरोधी प्रतिकार चळवळीत उतरली आणि १९४४ मध्ये तुलूझ येथे मारली गेली.

‘प्रास्ताविक विधी’ची टिपणे रशियन संगीतकार अलेक्झांडर नेम्तिन यांनी पाव शतकाहून अधिक काळ खपून सुमारे अडीच-तीन तासांच्या रचनेत उभी केली. ती ध्वनिमुद्रित झाली आहे, परंतु ती किती स्क्रियाबिन यांची आणि किती नेम्तिन यांची, हा प्रश्न अनुत्तरित आहे. ‘प्रॉमेथियस’ आता जगभरच्या सभागृहांत रंगीत प्रकाशासह सादर होते आणि एकेकाळी अशक्य वाटलेली ती योजना आज प्रकाशतंत्रज्ञांच्या नेहमीच्या कामाचा भाग बनली आहे. हिमालयाच्या पायथ्याचे मंदिर मात्र कधीच उभे राहिले नाही.

मॉस्कोत अर्बातजवळच्या ज्या घरात स्क्रियाबिन यांनी अखेरचा श्वास घेतला, तेथे १९२२ पासून त्यांचे संग्रहालय आहे. त्यांचा पियानो, पुस्तके आणि अभ्यासिका तेथे जपलेली आहे. त्याच घरात अलेक्झांडर मोझर या मित्राने बनवून दिलेले प्रकाशयंत्रही आहे. एका गोल फळीवर वर्तुळाकार बसवलेले रंगीत दिवे, एवढेच त्याचे स्वरूप. साऱ्या विश्वाला उजळून विलीन करण्याच्या स्वप्नाचा हा एकमेव भाग कर्त्याच्या हयातीत प्रत्यक्ष पेटला. एका खोलीपुरता त्याचा प्रकाश पडत असे आणि त्या प्रकाशात तात्याना व निवडक मित्रांसमोर स्क्रियाबिन पियानो वाजवत.